लाजऱ्या धोंडूची वाटचाल

(महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी केलेले कार्य सर्वांना माहीत आहे. परंतु हे कार्य करणारा माणूस लहानपणापासून अत्यंत लाजाळू होता. ही अडचण त्यांना जन्मभर पुरली. तिच्यातून त्यांनी वाट कशी काढली, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, काही अडचणी पाहुण्यासारख्या असतात. त्या येतात, दोन दिवस राहतात आणि निघून जातात. ताप येतो आणि उतरतो. पाऊस लांबतो, पण शेवटी पडतो. काही अडचणी मात्र घरातल्या माणसासारख्या असतात. त्या आपल्याबरोबरच वाढतात आणि कितीही सांगितले तरी जात नाहीत. एखाद्याला चारचौघांत बोलता येत नाही. एखादी मुलगी उत्तर माहीत असूनही हात वर करत नाही. घरी उर्दू, बाजारात अहिराणी आणि वर्गात मराठी बोलावी लागणाऱ्या आपल्या कळवणच्या मुलांना हा अनुभव नवा नाही. शब्द मनात तयार असतो, पण तो ओठांवर येत नाही.

अशी अडचण असलेला माणूस मोठे काम करू शकतो का? ते काम लोकांकडे जाऊन मदत मागण्याचे असेल, तरीही करू शकतो का? या प्रश्नाचे उत्तर धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात मिळते.

धोंडो कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली या गावी, त्यांच्या आजोळी झाला. त्यांचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड या समुद्रकाठच्या खेड्यात होते. वडिलांचे नाव केशवपंत आणि आईचे नाव लक्ष्मीबाई. केशवपंत कारकुनाची नोकरी करीत. मिळकत थोडी होती. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण चैनही नव्हती. कोणाकडे हात पसरायचा नाही आणि कोणाचे ऋण ठेवायचे नाही, असे त्या घराचे वळण होते.

धोंडू हुशार होता. विशेषतः गणितात त्याला गोडी होती. पण तो फार बुजरा होता. अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की त्याला संकोच वाटे. आपल्या या स्वभावाबद्दल कर्व्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. मोठेपणी नाव झाल्यावर माणसे आपले लहानपणचे दोष झाकून ठेवतात. कर्व्यांनी तसे केले नाही.

मुरुडला सोमण नावाचे गुरुजी होते. गावाचे भले व्हावे म्हणून ते नाना उद्योग करीत. त्या काळी वर्तमानपत्र फार थोड्या लोकांच्या हाती पडे आणि वाचता येणारी माणसेही थोडीच होती. म्हणून गुरुजींनी गावातील दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय केली. हे वाचनाचे काम त्यांनी धोंडूकडे दिले.

लाजऱ्या मुलासाठी ही युक्ती किती चांगली होती, हे ध्यानात घ्या. भाषण करायचे तर शब्द आपले स्वतःचे लागतात. वाचनात शब्द छापलेले असतात. वाचणाऱ्याने फक्त आवाज द्यायचा असतो. समोर गावातील वडीलधारी माणसे बसलेली असत आणि धोंडू त्यांना देशोदेशीच्या बातम्या वाचून दाखवी. यामुळे त्याची लाज गेली नाही, पण लाज वाटत असतानाही काम करता येते, हा पहिला धडा त्याला मिळाला. दुसरा धडा असा की, आपल्याला जे येते ते इतरांच्या उपयोगी पडले पाहिजे.

धोंडूला शिक्षक व्हायचे होते. त्यासाठी मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण होणे जरूर होते. या परीक्षेला बसणाऱ्याचे वय १७ वर्षांचे असावे, असा नियम होता. १८७५ च्या सप्टेंबर महिन्यात धोंडू आणि त्याचे काही सोबती परीक्षेसाठी साताऱ्यास निघाले. मुरुड ते सातारा हे अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर आहे. कळवणहून पायी नाशिकला जावे आणि पायीच परत यावे, तरी एवढे अंतर भरणार नाही. पावसाळा संपला नव्हता. वाटेत सह्याद्रीचे घाट आणि रान होते, ओढे-नाले भरलेले होते. पावसाळ्यात गिरणेचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशा प्रवासाची कल्पना येईल. मुले भिजत, चिखल तुडवत साताऱ्यास पोहोचली.

परीक्षेच्या मंडळापुढे धोंडू उभा राहिला. तो अंगाने किरकोळ होता. त्याच्याकडे पाहून मंडळाने ठरवले की हा मुलगा १७ वर्षांचा दिसत नाही. त्याच्याजवळ वयाचा दाखला होता. जन्मतारखेप्रमाणे त्याला १७ वर्षे पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. तरीही त्याला परीक्षेला बसू दिले नाही. वाद घालणे, आपली बाजू ठासून मांडणे हे त्या बुजऱ्या मुलाच्या स्वभावात नव्हते. एवढी पायपीट व्यर्थ गेली. आल्या वाटेने तो मुरुडला परत गेला.

अशा वेळी मनात दोन विचार येऊ शकतात. एक असा की, आपले नशीबच खोटे. दुसरा असा की, पुढच्या वर्षी मी नक्की १७ वर्षांचा दिसेन. धोंडूने दुसरी वाट धरली. वर्षभराने, १८७६ साली, तो कोल्हापूरला गेला, त्याच परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला.

आता शिक्षकाची नोकरी मिळाली असती. पण धोंडूच्या मनात इंग्रजी शिकण्याची इच्छा उत्पन्न झाली. इतर मुले ज्या वयात शिक्षण संपवतात, त्या वयात तो इंग्रजीची मुळाक्षरे गिरवू लागला. आधी मुरुडला, मग रत्नागिरीला आणि शेवटी मुंबईला त्याचे शिक्षण झाले. मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. तेव्हा त्याचे वय २३ वर्षांचे होते. पुढे १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन त्याने बी. ए. ची पदवी मिळवली. मागे पडलेल्या विद्यार्थ्याने वाट सोडली नाही, तर तो उशिरा का होईना, पोहोचतो.

पदवी मिळाल्यावर कर्वे मुंबईत शिक्षक म्हणून काम करू लागले. मुलींच्या शाळांत आणि मराठा हायस्कुलात ते गणित शिकवीत. शिवाय खासगी शिकवण्या करीत. पहाटे उठून कामाला लागावे आणि रात्री घरी यावे, असा त्यांचा दिवस असे. लाजऱ्या माणसाने शिक्षकाचा पेशा पत्करावा, याचे कोणाला नवल वाटेल. पण गणिताच्या तासाला शिक्षकाच्या वक्तृत्वाची परीक्षा होत नाही. फळ्यावर उदाहरण मांडावे, एकेक पायरी समजावून सांगावी आणि मुलांना उत्तरापर्यंत न्यावे, एवढे पुरते. कर्व्यांना हे उत्तम साधे. आपल्या स्वभावाला पेलेल असे काम त्यांनी निवडले आणि ते मनापासून केले.

१८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. लहानपणीच दोघांचा विवाह झाला होता. मुलगा रघुनाथ लहान होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे १९१४ पर्यंत त्यांनी तेथे शिकवले.

लोक त्यांना दुसरे लग्न करण्याचा आग्रह करू लागले. त्या काळी पत्नी वारली तर पुरुष लगेच दुसरे लग्न करी. वय कितीही असो, त्याला लहान मुलगी मिळे. परंतु पती वारला तर उच्चवर्णीय हिंदू घरांतील स्त्रीला पुन्हा लग्न करता येत नसे. ती आठ-दहा वर्षांची पोर असली तरी तिला सारा जन्म वैधव्यात काढावा लागे. अनेकींचे केस कापून टाकले जात. त्यांना चांगले कपडे, सणसमारंभ आणि शिक्षण यांपासून दूर ठेवले जाई. १८५६ सालच्या कायद्याने विधवेच्या विवाहाला परवानगी दिली होती. पण कायदा कागदावर होता आणि रूढी घराघरांत होती.

कर्व्यांनी ठरवले की, आपण लग्न केले तर विधवेशीच करू. मुंबईत त्यांचे नरहरपंत जोशी नावाचे जिवलग मित्र होते. नरहरपंतांची बहीण गोदूबाई अगदी लहानपणी विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली, तेव्हा तिच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे ही शाळा पुण्यास आली. गोदूबाईंनी विचार करून या विवाहास होकार दिला. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. लग्नानंतर गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले.

चारचौघांत बोलायला लाजणाऱ्या माणसाने सगळ्या समाजाच्या विरुद्ध जाऊन हे पाऊल टाकले. यातून एक गोष्ट समजते. लाजाळू असणे आणि भित्रे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्व्यांची जीभ अडखळत असे, पण त्यांचे पाऊल अडखळले नाही.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. नवविवाहित जोडपे मुरुडला गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्याबरोबर कोणी एका बैठकीला बसू नये, त्यांच्याशी संबंध ठेवू नये, असे ठरले. जन्म दिलेली आई आणि जीव लावणारे भाऊ-बहीण यांनाही उघडपणे त्यांना घरात घेता येईना. ज्या गावच्या देवळात धोंडूने लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवले होते, त्याच गावात आता तो परका झाला. कर्वे कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी गावाबद्दल मनात राग धरला नाही आणि आपला निर्णयही बदलला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी एक मंडळी स्थापन केली. पण लवकरच त्यांच्या लक्षात आले की, केवळ विवाह हा यावर पुरेसा उपाय नाही. प्रत्येक विधवेला विवाह करणे शक्य नव्हते आणि प्रत्येकीला तो नकोही होता. शिक्षण मात्र प्रत्येकीच्या उपयोगाचे होते. शिकलेली स्त्री स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. थोर विद्वान डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तिचे अध्यक्ष झाले. कर्व्यांनी आपल्या बचतीतील १,००० रुपये या कामासाठी दिले.

इथे त्यांची जुनी अडचण पुन्हा समोर येऊन उभी राहिली. आश्रम चालवायचा म्हणजे पैसा हवा. पैसा हवा म्हणजे लोकांच्या दारात जायला हवे. ज्या घरात कोणाकडे काही न मागण्याचे वळण होते, त्या घरातील हा मुलगा. त्यात स्वभाव बुजरा. शिवाय विधवांच्या शिक्षणासाठी वर्गणी मागायची, म्हणजे काही ठिकाणी अपमान होणार हे ठरलेलेच.

कर्व्यांनी यातून कशी वाट काढली? त्यांनी वक्ता होण्याचा खटाटोप केला नाही. टाळ्या मिळतील अशी भाषणे त्यांना कधीच जमली नाहीत. ते हळू आणि साधे बोलत. पण त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे चोख हिशेब. गणिताचा हा प्राध्यापक संस्थेच्या पैशाचा काटेकोर हिशेब ठेवी आणि तो लोकांपुढे मांडी. लहान देणगीलाही ते मोठ्या देणगीइतकाच मान देत. ज्याचा हिशेब स्वच्छ असतो, त्याला फार बोलावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी आधी स्वतः दिले आणि मग इतरांकडे मागितले. स्वतःची शिल्लक ज्याने आधी दिली, त्याला नाही म्हणताना माणसाला विचार करावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी. महाविद्यालयाला सुट्टी लागली की ते वर्गणीसाठी गावोगाव फिरत. नकार मिळाला तर पुढच्या दारी जात. हे पैसे मला माझ्यासाठी नकोत, ही जाणीव मनात असली म्हणजे संकोच कमी होतो. आपल्यासाठी भाकरी मागताना जीभ जड होते. भुकेल्या शेजाऱ्यासाठी मागताना ती मोकळी होते.

पुण्यात प्लेगची साथ वारंवार येत होती. म्हणून १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगणे या खेड्यात नेण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. त्या माळरानावर एक साधी झोपडी बांधून काम सुरू झाले. तेथे धड रस्ता नव्हता. कर्वे दिवसभर महाविद्यालयात शिकवीत. सायंकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्यास जात. आश्रमातील मुलींना शिकवीत आणि सकाळी पुन्हा पायी पुण्यास येत. पावसाळ्यात वाट चिखलाने भरून जाई. साताऱ्याची वाट तुडवलेल्या पायांना हे चालणे नवे नव्हते. फरक एवढाच की, तेव्हा ते स्वतःसाठी चालले होते आणि आता दुसऱ्यांच्या मुलींसाठी चालत होते.

या कामाचा भार घरच्या माणसांनाही सोसावा लागला. कर्वे मिळकतीतील बराचसा भाग आश्रमाकडे वळवीत. घरात पैशांची ओढाताण होई. मुलांना वाढवण्याची जबाबदारी आनंदीबाईंवर पडे. आनंदीबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. आपल्या संसारातील या ओढाताणीबद्दल त्यांनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता लिहिले आहे. थोर माणसाच्या कार्यात त्याच्या घरातील माणसांचाही वाटा असतो आणि त्यांचा त्रास पुष्कळदा कोणाला दिसत नाही. कर्व्यांचे चरित्र वाचताना आनंदीबाईंना विसरता येत नाही.

आनंदीबाईंच्या धाकट्या बहिणीचे, पार्वतीबाई आठवले यांचे, उदाहरणही असेच आहे. त्याही विधवा होत्या. मोठेपणी शिकून त्या आश्रमाच्या कामाला लागल्या आणि वर्गणीसाठी गावोगाव फिरू लागल्या. इंग्रजी फारसे येत नसताना त्या १९१८ साली अमेरिकेस गेल्या. तेथे घरकामाच्या नोकऱ्या करून त्यांनी दिवस काढले, भाषा शिकून घेतली आणि आश्रमासाठी मदत मिळवली. परक्या भाषेची भीती त्या भाषेपासून दूर पळून जात नाही. ती त्या भाषेत मोडकेतोडके बोलूनच जाते.

हळूहळू आश्रम वाढला. केवळ विधवांनीच नव्हे, तर सर्व मुलींनी शिकावे म्हणून कर्व्यांनी १९०७ साली महिला विद्यालय सुरू केले. त्यानंतर त्यांना जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका मिळाली. ती वाचून त्यांच्या मनात एक मोठा विचार आला. आपल्या देशातही स्त्रियांसाठी विद्यापीठ का नसावे? १९१५ साली मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी ही कल्पना लोकांपुढे मांडली. १९१६ साली पुण्यात हे विद्यापीठ सुरू झाले. तेव्हा कर्वे ५८ वर्षांचे होते. आरंभी महाविद्यालयात बोटांवर मोजता येतील इतक्याच विद्यार्थिनी होत्या. सरकारची मान्यता नव्हती. थट्टा करणारे पुष्कळ होते.

या विद्यापीठाचे एक वैशिष्ट्य तुम्हांला आवडेल. तेथे मुलींना त्यांच्या मातृभाषेतून शिकवले जाई आणि इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवली जाई. स्वतःच्या भाषेत विचार पक्का होतो आणि दुसऱ्या भाषेने जगाचे दार उघडते. तुम्ही उर्दूतून शिकता आणि त्याबरोबर मराठी शिकता, त्यामागेही हाच विचार आहे.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी असे नाव देण्यात आले. हेच मुंबईचे एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठ होय. साताऱ्याला ज्याला परीक्षेच्या दारातून परत पाठवले होते, त्याच मुलाने हजारो मुलींना परीक्षेचे दार उघडून दिले.

१९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, कर्वे जगाच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका आणि जपान येथे जाऊन त्यांनी आपल्या कार्याची माहिती लोकांना सांगितली. जर्मनीत त्यांची थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. ज्या जपानी विद्यापीठाची पुस्तिका वाचून त्यांना स्फूर्ती मिळाली होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे ते आफ्रिकेतही जाऊन आले. मुरुडच्या देवळात वर्तमानपत्र वाचणारा बुजरा मुलगा आता परदेशी सभांत उभा राहून बोलत होता. त्यांचे बोलणे तेव्हाही साधेच होते. पण त्यामागे चाळीस वर्षांचे काम होते, म्हणून लोक ते ऐकत होते.

पुष्कळ माणसे या वयात विश्रांती घेतात. कर्व्यांनी १९३६ साली, ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली आणि तिच्यासाठी ते पुन्हा दारोदार फिरून लहान लहान रकमा गोळा करू लागले. आश्रमाच्या सुरुवातीच्या काळात तेथे मुख्यतः उच्चवर्णीय घरांतील स्त्रियाच येत. समाजातील सर्व माणसे समान मानली गेली पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनात पुढे अधिकाधिक पक्का होत गेला. १९४४ साली त्यांनी समता संघ स्थापन केला. तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते.

१९५८ साली त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्या वर्षी भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान दिला आणि त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. स्वतंत्र भारतात हयात असताना टपाल तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय होत. ज्या मुरुडने त्यांना वाळीत टाकले होते, त्या मुरुडलाही आता त्यांचा अभिमान वाटू लागला होता. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंगण्याचा तो माळ आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. तेथे आजही हजारो मुली शिकतात.

कर्व्यांच्या आयुष्यात अडचणी थोड्या नव्हत्या. गरिबी होती, उशिरा झालेले शिक्षण होते, पत्नीचा वियोग होता, गावाचा बहिष्कार होता. पण या अडचणी बाहेरच्या होत्या. त्यांच्या मनात असलेली अडचण म्हणजे त्यांचा बुजरेपणा. तो त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिला. एखाद्या दिवशी सकाळी उठून ते धीट झाले, असे घडले नाही. त्यांनी आपली अडचण ओळखली, ती मान्य केली आणि ती बरोबर घेऊनच चालू लागले. बोलता येत नव्हते, म्हणून वाचून दाखवले. भाषण येत नव्हते, म्हणून हिशेब दाखवला. मागायला लाज वाटत होती, म्हणून आधी स्वतः दिले.

मुलांनो, अडचण संपली म्हणजे काम सुरू करू, असे म्हणणाऱ्याचे काम पुष्कळदा सुरूच होत नाही. उद्या वर्गात उत्तर येत असूनही हात वर होत नसेल, तर आधी एक ओळ वाचून दाखवा. परवा दोन ओळी वाचा. जीभ अडखळली तर अडखळू द्या. साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाने पुढच्या वर्षी कोल्हापूरची वाट धरली होती, हे लक्षात ठेवा.

शब्दार्थ

बुजरा – लाजाळू, शर्मीला
संकोच – झिजक
ददात – कमतरता, तंगी
वैधव्य – पती वारल्यानंतरची स्थिती, बेवापण
रूढी – जुनी चाल, रिवाज
बहिष्कार घालणे, वाळीत टाकणे – समाजातून बाहेर काढणे
वर्गणी – अनेकांकडून गोळा केलेला पैसा, चंदा
काटेकोर – अगदी बारकाईने केलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सोमण गुरुजींनी धोंडूकडे कोणते काम दिले?
(आ) धोंडूला साताऱ्याच्या परीक्षेस का बसू दिले नाही?
(इ) अनाथ बालिकाश्रम मंडळी कोणत्या साली स्थापन झाली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वर्गणी मिळवताना कर्व्यांना कोणत्या तीन गोष्टींचा उपयोग झाला?
(आ) लाजाळू असणे आणि भित्रे असणे यांत काय फरक आहे? पाठातील प्रसंग देऊन सांगा.
(इ) आनंदीबाईंना कोणता त्रास सोसावा लागला?

३. हा पाठ घरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला जो शब्द कळला नाही, त्याचा अर्थ उर्दूत समजावून सांगा.